बंद पडला म्हणजे मेला नव्हे



आपल्या वस्त्यांतून, अभ्यासिकांतून, मंडळांच्या खोल्यांतून आज एखादा तरी जुना डेस्कटॉप संगणक आढळतो. कोणा नोकरदार बांधवाने नवा घेतला म्हणून जुना समाजाला दिलेला असतो, तर कोठे वर्गणी करून जुन्या बाजारातून आणलेला असतो. दहा-बारा वर्षांचे त्याचे वय. रंग उडालेला, कळफलकावरची अक्षरे पुसलेली. तरी तो काम करतो आणि त्याच्यावर पुष्कळांची कामे होतात. मग एके दिवशी बटन दाबले आणि काहीच झाले नाही, की लगेच निकाल लागतो, "गेला!" त्यावर जुन्या साडीचा तुकडा पडतो, महिनाभराने तो कोपऱ्यात सरकतो आणि पुढच्या साफसफाईला भंगारवाल्याच्या गाड्यावर चढतो. आमचे म्हणणे एवढेच की, बंद पडला म्हणजे मेला नव्हे. मृत्यूचा दाखला लिहिण्याआधी नाडी तरी पाहिली पाहिजे. आणि ती पाहायला इंजिनिअरच लागतो असे नाही.

कोणी म्हणेल, आता सर्वांच्या हाती मोबाईल आहे, या जुन्या डब्याचे काय कौतुक? पण ज्यांच्या घरात कॉलेजात शिकणारे मूल आहे त्यांना विचारा. भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका स्कॅन करून ठराविक आकारात चढवाव्या लागतात. अर्जाची प्रत छापून कॉलेजात द्यावी लागते. मोबाईलवर हे होत नाही असे नाही, पण छोट्या पडद्यावर एक रकाना चुकला की अर्ज परत येतो. आमच्या माहूरपासून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. वाडी-तांड्यावरच्या मुलाला तालुक्याला यायचे म्हटले तरी दिवस मोडतो, बापाची नाहीतर स्वतःची मजुरी बुडते. तेव्हा वस्तीतला संगणक मुदतीच्या आठवड्यात बंद पडणे म्हणजे एखाद्याचे वर्ष पणाला लागणे होय.

दुसरी गोष्ट. महाराष्ट्रात संगणक आला तो दोन वाटांनी खेड्यापर्यंत पोचला. २००१ साली एमकेसीएल ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लाखो मुलामुलींना कळफलकावर बोटे ठेवायला शिकवले. २०११ साली संग्राम प्रकल्प सुरू झाला आणि ग्रामपंचायतीत संगणक व तो चालवणारा दिसू लागला. हे मोठे काम झाले. परंतु आपण सारे शिकलो ते पडद्यापुरते. मागचे झाकण कधी कोणी उघडून दाखवले नाही. सायकल चालवणाऱ्या पोराला पंक्चर काढता येते, शेतकऱ्याला मोटारीचा फ्यूज घालता येतो, मावशीला शिलाई मशीनचा पट्टा बदलता येतो. मग संगणकाच्या चार स्क्रूंचीच भीती का असावी?

भीती जाण्यासाठी आधी एवढे समजून घेऊ की, बटन दाबल्यावर आत काय होते. आम्ही कारकुनी पेशातले, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. संगणक सुरू होणे म्हणजे एक फाईल टेबलामागून टेबल पुढे सरकणे. पहिले टेबल एसएमपीएसचे, म्हणजे मागच्या बाजूस पंखा असलेल्या विजेच्या पेटीचे. ती २३० व्होल्टची वीज घेऊन आतल्या भागांना १२, ५ व ३.३ व्होल्ट देते. वीज ठीक आहे असा तिचा शेरा मिळाला की फाईल जाते प्रोसेसरकडे. तो मदरबोर्डवरच्या बायॉस नावाच्या चिपमधल्या सूचना वाचतो. तिसऱ्या टेबलावर तपासणी होते. रॅम आहे का, पडदा आहे का, कळफलक आहे का, असे बघितले जाते. चौथ्या टेबलावर बायॉस हार्ड डिस्क शोधते आणि तिच्यावरची विंडोज किंवा लिनक्स ही प्रणाली उचलून कामाला लावते. या सगळ्या प्रवासाला बूट होणे म्हणतात. इंग्रजीत बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःच स्वतःला उचलणे अशी एक म्हण आहे, तिच्यावरून हा शब्द आला.

तात्पर्य काय, तर फाईल कोणत्या टेबलावर अडली ते ओळखले की अर्धी दुरुस्ती झाली. सरकारी कचेरीत काम अडले म्हणजे आपण सबंध कचेरी पाडून नवी बांधत नाही, टेबल शोधतो. येथेही तेच करावयाचे.

पण हात घालण्यापूर्वी तीन नियम पाळावेत. पहिला, झाकण उघडायचे तर भिंतीतली पिन काढूनच. नुसते बटन बंद करून भागत नाही. पिन काढल्यावर समोरचे बटन पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. गंमत म्हणजे पुष्कळदा एवढ्यानेच अडलेला संगणक पुन्हा सुरू होतो. दुसरा नियम, एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नये. पिन काढल्यावरही तिच्यात जोराचा धक्का बसेल इतकी वीज साठलेली राहू शकते. तिसरा नियम, अनवाणी, ओल्या फरशीवर उभे राहून काम करू नये. कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येत असतील तर तो संगणकाचा नव्हे, बहुधा अर्थिंगचा दोष असतो. तीन पिनांतली जाड पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात खुपसण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती मोडावी आणि वायरमनकडून अर्थिंग करून घ्यावे.

आता एकेक टेबल पाहू.

बटन दाबले, ना दिवा ना पंखा, अगदी सामसूम. ही फाईल पहिल्याच टेबलावर अडली. येथे झाकण उघडण्याची घाई नको. त्याच बोर्डात मोबाईलचा चार्जर लावून वीज आहे का पाहावे. एक्सटेन्शन बोर्ड काढून थेट भिंतीत लावून पाहावे. यूपीएस असेल तर त्याला वगळून पाहावे. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते, आणि काही यूपीएस बॅटरी मेली की वीज असतानाही पुढे देत नाहीत. दोष असतो यूपीएसचा आणि बदनाम होतो संगणक. मागे एसएमपीएसवर छोटा स्विच असतो, झाडलोट करताना तो बंद झालेला असू शकतो. जुन्या काही पेट्यांवर लाल रंगाची सरकपट्टी असते व तिच्यावर ११५ आणि २३० असे आकडे असतात. ती २३० वरच असली पाहिजे. कोणी पोराने खेळता खेळता ११५ वर सरकवली आणि वीज दिली तर पेटी जळते. शेवटी विजेची केबल बदलून पाहावी. मॉनिटरची आणि कॅबिनेटची केबल बहुधा सारखीच असते, आलटून पालटून लावता येते. एवढे करूनही सामसूम असेल तर एसएमपीएस गेला असण्याचा संभव अधिक. तो बदलता येतो. त्यासाठी सगळा संगणक टाकावा लागत नाही.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळा. येथे लोक हमखास म्हणतात, "बोर्ड गेलंय." थांबावे. कळफलकावरील नम लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो-विझतो का पाहावे. तसे होत असेल तर संगणक जिवंत आहे, अडचण मॉनिटरकडची आहे. मॉनिटरची निळ्या टोकाची केबल मागून काढावी. मॉनिटर चांगला असेल तर तो स्वतःच सिग्नल नसल्याचे पडद्यावर लिहितो. तसे लिहिले तर मॉनिटर निर्दोष. मग केबलच्या टोकातील पंधरा पिनांपैकी एखादी वाकली आहे का ते बघावे. काही संगणकांना मॉनिटर लावायच्या दोन जागा असतात, एक बोर्डवर आणि एक वेगळ्या कार्डावर. कार्ड असेल तर केबल कार्डातच लावावी.

नम लॉकचा दिवाही लागत नसेल, किंवा आतून पीं-पीं असा आवाज सतत येत असेल, तर फाईल तिसऱ्या टेबलावर अडली. हा आवाज म्हणजे संगणकाने केलेली तक्रार होय. निरनिराळ्या बायॉसची ही भाषा निरनिराळी आहे, परंतु पुन्हा पुन्हा येणाऱ्या आवाजाचे कारण बहुतेक वेळा रॅम असते. काही कॅबिनेटमध्ये हा आवाज करणारा छोटा स्पीकरच बसवलेला नसतो. तेव्हा आवाज नाही म्हणून तक्रार नाही असे समजू नये.

रॅम म्हणजे वीतभर नाही, पण बोटभर रुंदीची लांबट पट्टी. तिच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर दाबल्या की ती वर येते. तिच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात. त्यांच्यावर हवेतील ओलाव्याने, धुळीने काळसर थर धरतो आणि वीज नीट वाहत नाही. शाळेतल्या मुलाचे स्वच्छ, कोरडे खोडरबर घेऊन त्या पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात. खोडरबराचा चुरा झटकावा. रॅमची खाच मऊ कोरड्या ब्रशने साफ करावी. रॅम परत बसवताना तिच्यातील चीर आणि खाचेतील उंचवटा जुळवावा, जबरदस्ती करू नये. दोन्ही खिट्ट्या टक् करून आपोआप मिटल्या पाहिजेत. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावे, म्हणजे कोणती दोषी ते कळते.

आमच्याकडचे हवामान या पट्ट्यांना मानवणारे नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे, पत्र्याच्या खोलीत तर भट्टीच. पावसाळ्यात किनवट-माहूरच्या डोंगर-जंगलाच्या पट्ट्यात मराठवाड्याच्या इतर भागांपेक्षा जास्त पाऊस. वीज येते-जाते ती निराळीच. आठ-पंधरा दिवस संगणक लावलाच नाही तर ओलावा आपले काम करतो.

याचा अनुभव आमच्या अभ्यासिकेत २०२३ च्या पावसाळ्यात आला. शिष्यवृत्तीच्या अर्जाला चार दिवस राहिले होते आणि अकरा मुलामुलींचे अर्ज व्हायचे होते. संगणक पीं-पीं करी आणि पडदा काळा. मुलांनी तो उचलून एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने झाकण न काढताच सांगितले, "बोर्ड जळालंय. सहा हजार लागतील. त्यापेक्षा नवीनच घ्या." मुले तोंड पाडून परत आली. त्यांतल्या एकाचे मूळ जात वैधता प्रमाणपत्र घराचे छप्पर गळून भिजले होते, शाई फुटली होती. त्याची स्वच्छ स्कॅन प्रत होती ती फक्त या संगणकात. दुसरी प्रत काढायची तर पुन्हा समितीकडे अर्ज करा, वाट पाहा. चार दिवसांत ते कसे व्हावे?

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी म्हणाली, "काका, एकदा उघडून बघते ना. बिघडलंच आहे, आणखी काय बिघडणार?" तेथे बसलेले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "पोरीचं काम नाही ते. हात लावू नको." आम्ही त्यांना शांतपणे म्हटले, "दादा, 'हात लावू नको' हे शब्द आपल्या माणसांनी फार ऐकले. आपण तरी ते आपल्या लेकीला ऐकवू नयेत." दादा हसले आणि स्वतःच टॉर्च धरून उभे राहिले.

मुलीने पिन काढली, स्क्रू एका वाटीत ठेवले, रॅम काढली, खोडरबराने पुसली, बसवली. आम्ही नोंदवहीत एकेक कृती लिहीत होतो. बटन दाबले. एकच छोटा पीं झाला आणि पडद्यावर अक्षरे उमटली. पण आनंद अर्धाच होता. पडद्यावर चेकसमचा दोष सांगून एफ १ दाबा असे लिहिले होते. एफ १ दाबल्यावर विंडोज सुरू झाली, पण कोपऱ्यात तारीख दिसली २००९ सालची. शिष्यवृत्तीचे पोर्टल उघडावे तर ते सुरक्षित नाही असा इशारा देऊन दार बंद.

येथे सेलची गोष्ट सांगितली पाहिजे. १९८४ साली आयबीएम कंपनीच्या एटी नावाच्या संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ बोर्डवरच बसवले गेले आणि पुढे ती रीतच झाली. म्हणून आजही बोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. त्याच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते आणि तो ३ व्होल्टचा असतो. संगणक बंद असताना तारीख, वेळ आणि काही मांडण्या हा सेल जपतो. काही वर्षांनी तो संपतो. मग संगणक स्वतःला जुन्या सालात समजू लागतो. आता सुरक्षित वेबसाईट आपली ओळख पटवण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखवते त्याला मुदत असते. संगणकाच्या घड्याळात २००९ साल असेल तर २०२३ चे प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेले वाटते आणि तो ते नाकारतो. दोष ना इंटरनेटचा, ना पोर्टलचा. दोष चाळीस-पन्नास रुपयांच्या सेलचा. घड्याळवाल्याकडे तो मिळतो. लिहिलेली बाजू वर ठेवून बसवायचा आणि तारीख-वेळ दुरुस्त करायची.

तेवढे केले आणि पोर्टल उघडले. अकराही अर्ज तिसऱ्या दिवशी रात्री पूर्ण झाले. आम्ही बी.कॉम., म्हणून हिशेबही मांडला. सेल पन्नास रुपये, खोडरबर पाच रुपये. दुकानदाराचा अंदाज सहा हजार. एखादा बोर्ड खरोखर जळतोही, हे आम्ही नाकारत नाही. मात्र झाकण न उघडता दिलेला निकाल कोणीही मान्य करू नये. "काय तपासले ते दाखवा" असे नम्रपणे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

आता उरलेल्या तक्रारी. संगणक सुरू होतो आणि एक-दोन मिनिटांत आपोआप बंद पडतो, तर उष्णता हे मोठे कारण असते. प्रोसेसरवरील पंख्याखाली धुळीची गोधडी साचलेली असते. ब्रशने ती काढावी. पंखा ज्या चार खुंट्यांवर बसतो त्यांतली एखादी निसटली आहे का पाहावे. सुरू होऊन सेकंदातच पुन्हा बंद-चालू होत असेल तर एखादा सैल प्लग, किंवा बोर्डवर पडलेला स्क्रू शोधावा. समोरचे रीसेटचे बटन आत अडकून बसले तरी संगणक पुढे सरकत नाही, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. बोर्डवर उभ्या नळकांड्यांसारखे लहान भाग असतात, त्यांना कपॅसिटर म्हणतात. त्यांचे डोके सपाट असावे. फुगले असेल किंवा तपकिरी चीक बाहेर आला असेल तर ते बदलावे लागतात. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या कित्येक बोर्डांवर हलक्या प्रतीचे कपॅसिटर बसल्याने हा रोग जगभर पसरला होता. हे काम मात्र डाग देणाऱ्या जाणत्या कारागिराचे आहे.

पडद्यावर अक्षरे येतात, पण पुढे ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही किंवा बूट होणारे साधन नाही असा इंग्रजी मजकूर येऊन थांबते. फाईल चौथ्या टेबलावर अडली. प्रथम लावलेला पेनड्राईव्ह काढावा, सीडी काढावी. संगणक कधी कधी त्यांच्यावरच विंडोज शोधत बसतो. सेल संपल्याने डिस्क शोधण्याचा क्रमही बदललेला असू शकतो. सुरू होताच डिलीट किंवा एफ २ दाबून बायॉसमध्ये जावे आणि हार्ड डिस्कचे नाव यादीत आहे का पाहावे. नाव असेल तर तिला पहिल्या क्रमांकावर आणावे. नाव नसेल तर डिस्कच्या दोन्ही केबली काढून पुन्हा घट्ट लावाव्यात.

डिस्कमधून टिक-टिक, खरखर असा आवाज येत असेल तर मात्र तेथेच हात थांबवावा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. प्रत्येक वेळी आतला मजकूर आणखी खराब होतो. येथे दुरुस्तीपेक्षा माहिती वाचवणे महत्त्वाचे. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि आधी कागदपत्रांच्या प्रती काढाव्यात. कोणी "फॉरमॅट मारतो, चालू होईल" म्हटले तर त्याला आधी विचारावे, आतली कागदपत्रे कोठे घेतलीस? संगणक बाजारात मिळतो, भिजलेल्या प्रमाणपत्राची प्रत बाजारात मिळत नाही. त्या पावसाळ्यानंतर आमच्या अभ्यासिकेत नियम केला. प्रत्येकाच्या कागदपत्रांच्या तीन प्रती ठेवायच्या. एक संगणकात, एक पेनड्राईव्हवर आणि एक विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ई-मेलवर किंवा डिजिलॉकरमध्ये.

विंडोजचे चित्र येते आणि तेथेच अडते, हा शेवटचा प्रकार. यंत्र बहुधा ठीक असते, प्रणाली बिघडलेली असते. विंडोज ७ मध्ये सुरू होताना एफ ८ दाबल्यास सेफ मोड मिळतो. विंडोज १० सुरू होता होता दोन-तीनदा अडली की दुरुस्तीचा पडदा सहसा आपोआप येतो. अडण्यापूर्वी शेवटचे काय बसवले होते ते आठवून काढून टाकावे.

येथे एक सावधगिरीचा शब्द. विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी संपले. विंडोज १० चा नेहमीचा मोफत पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ बहुतेक जुन्या यंत्रांना अधिकृतपणे चालत नाही. मग यंत्र टाकायचे का? आधी लिनक्स पाहावी. ती मोफत आहे. आपल्या देशात सी-डॅकने बॉस नावाची लिनक्स तयार केली आहे आणि तिच्यात मराठीची सोय आहे. तिच्याहून हलक्या लिनक्सही आहेत. पेनड्राईव्हवरून लिनक्स सुरू करून आधी प्रिंटर आणि स्कॅनर चालतो का ते तपासावे, मगच डिस्कवर बसवावी. याचा आणखी एक उपयोग असा की, डिस्कवरून संगणक सुरू होत नाही आणि पेनड्राईव्हवरच्या लिनक्सने सुरू होतो, तर दोष बोर्डचा नाही हे सिद्ध होते.

सगळे करूनही संगणक उठला नाही, तर त्याला निरोप द्यावा, पण रीतीने. हार्ड डिस्क काढून ठेवावी. तिच्यात आधार, बँक, जात प्रमाणपत्रे असतात. नुसते डिलीट केल्याने ती पुसली जात नाहीत. रॅम, केबली, पंखा दुसऱ्या यंत्राला कामी येतात. उरलेले भंगारात टाकू नये. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांप्रमाणे असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे गेला पाहिजे. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात, बोर्डवरच्या धातूंसाठी आम्ल वापरले जाते. त्या विषारी धुरात उभी असतात ती गरिबांचीच पोरे.

शेवटी आमची एक सूचना. प्रत्येक अभ्यासिकेत संगणकाशेजारी दोरीने बांधलेली एक नोंदवही ठेवावी. तारीख, पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा, काय केले आणि काय झाले, असे चार रकाने. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती लिहायची. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर संगणक चालू होईलही, पण कशामुळे ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधार. वही असली की एकाचे शहाणपण सर्वांचे होते. दहावी झालेली दोन मुले आणि दोन मुली निवडून त्यांना एका रविवारी झाकण उघडायला, रॅम काढायला-बसवायला, सेल बदलायला शिकवावे. वस्तीत एखादा जाणकार असतोच, त्याला चहाला बोलवावे. एक स्क्रू ड्रायव्हर, एक ब्रश, एक खोडरबर, एक सेल, एक पेनड्राईव्ह आणि एक टॉर्च एवढे सामान एका डब्यात ठेवावे. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी संगणक तासभर चालू ठेवावा, म्हणजे ओल धरणार नाही. अर्जांचे पोर्टल सुरू होण्याआधी एकदा सगळी तपासणी करून घ्यावी. मुदतीच्या आदल्या रात्री धावाधाव करण्यापेक्षा ते बरे.

आपल्या अभ्यासिकेतही साडीच्या तुकड्याखाली एखादा संगणक झाकलेला असेल. येत्या रविवारी तो तुकडा बाजूला करा, भिंतीतली पिन काढा आणि शांतपणे पहिल्या टेबलापासून सुरुवात करा. जयभीम!